रातांब्याच्या घराण्यातली औषधं : चिकापासून गोळीपर्यंतचा रस्ता

रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, कच्चं फळ तोडलं की देठाकडून पिवळा चीक पाझरतो. बोटांना लागला तर साबणाला दाद देत नाही, कपड्यावर पडला तर डाग धुऊन जात नाही. उंडीच्या खोडाला कोयता लागला तरी असाच चिकट रस येतो, सुरंगीची डहाळी मोडली तरी येतो. कोकणातल्या माणसाला ही तीन झाडं तीन वेगळ्या कामांची म्हणून माहीत असतात. रातांबा आमटीसाठी, उंडी तेलासाठी, सुरंगी वळेसरांसाठी, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यांसाठी. वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत मात्र ती एकाच घराण्यातली, आणि त्या घराण्याची ओळख म्हणजे हा चीक. गेली साठ वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत या झाडांमधली जी द्रव्यं औषध म्हणून तपासली जातायत, त्यातली बरीचशी या चिकातलीच आहेत.

हे लिहायला घेतलं त्याला कारण आहे. उन्हाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरच्या कुठल्याही दुकानात कोकमाची बाटली उचलून पाहा. कुणी म्हणतं वजन घटतं, कुणी म्हणतं यकृत साफ होतं, फोनवर फिरणाऱ्या संदेशांत तर कर्करोगही बरा होतो. हे सगळं हवेतून आलेलं नाही. यातल्या काही दाव्यांच्या मुळाशी खरे प्रयोग आहेत. तो प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झाला, उंदरावर झाला की माणसावर, हे मात्र बाटलीवर कधी लिहिलेलं नसतं. औषधाचा सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

आधी घराण्याची ओळख करून घेऊ. वनस्पतिशास्त्रात या कुळाला क्लुसिएसी म्हणतात. पूर्वी गटिफेरी म्हणत, जुन्या पुस्तकांत तेच नाव सापडेल. २००९ मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून फुलझाडांची नवी वर्गवारी झाली तेव्हा उंडी, सुरंगी आणि नागचाफा यांना कॅलोफायलेसी हे स्वतंत्र कूळ मिळालं आणि रातांबा क्लुसिएसीत राहिला. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या, रक्ताचं नातं काही तुटलं नाही. म्हणून या लेखात मी सगळ्यांना एकाच घराण्यातलं धरतो आहे. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत आणि कडेने सलग. फुलात पुंकेसरांचा भरगच्च झुबका. आणि पानाफांद्यांच्या आत राळ वाहणाऱ्या बारीक नळ्या. एवढं दिसलं की हे घराणं ओळखावं.

झाड एवढा खटाटोप कशाला करतं? उष्ण आणि दमट प्रदेशात किडे, बुरशी आणि जंतू यांना बाराही महिने सुगी असते. त्यात ही झाडं सदाहरित. पानझडीचं झाड दरवर्षी नवी पानं घेतं, त्यामुळे जुनं पान कुरतडलं गेलं तरी फारसं बिघडत नाही. सदाहरित झाडाचं पान मात्र बराच काळ टिकायला हवं, आणि त्याचं संरक्षण करणं झाडाला परवडतं. त्या संरक्षणासाठी या घराण्याने प्रामुख्याने तीन प्रकारची द्रव्यं घडवली : झँथोन, बेंझोफेनोन आणि कुमारिन. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. किड्याच्या किंवा बुरशीच्या पेशीत जाऊन तिचं काम बिघडवायचं, यासाठी ती तयार झाली आहेत. किड्याच्या पेशीतली बरीच यंत्रणा आपल्या पेशीतही असते, म्हणून ती आपल्या शरीरातही काही ना काही घडवतात. कधी उपयोगाचं, कधी घातक. झाडाने आपल्यासाठी औषध करून ठेवलंय ही समजूत गोड असली तरी तिच्यामुळे बरेच घोटाळे होतात.

या चिकाने विज्ञानाला दिलेली एक देणगी औषधाशी संबंधित नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कंबोडिया-थायलंडकडे रातांब्याचं एक भावंड वाढतं. त्याच्या वाळलेल्या पिवळ्या चिकाला गँबोज म्हणतात. चित्रकार तो रंग म्हणून वापरत आणि जुने वैद्य जहाल जुलाबासाठी देत. झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०८ च्या सुमारास याच गँबोजचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची थरथर मोजली. पाण्याचे न दिसणारे कण त्या गोळ्यांना धडका देत होते. अणू-रेणू खरोखर आहेत की ती नुसती सोयीची कल्पना आहे, या तेव्हाच्या वादाचा निकाल लागायला या मोजणीने मोठी मदत केली आणि पेरँना १९२६ चं नोबेल मिळालं. त्याच गँबोजमधलं गँबोजिक आम्ल चीनमध्ये कर्करोगाच्या रुग्णांवर तपासलं गेलं आहे.

आता आपल्या परसातल्या रातांब्याकडे येऊ. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात भिरंडांची, म्हणजे रातांब्यांची, नोंद केली आहे, म्हणजे या आंबट सालींकडे बाहेरच्या अभ्यासकांचं लक्ष जाऊन साडेचारशे वर्षं उलटून गेली. आपल्याकडचा वापर त्याहून जुना. आयुर्वेदात याला वृक्षाम्ल म्हणतात. घरोघरी पित्त उठलं की आमसुलाचं पाणी अंगाला लावतात, उन्हातून आलेल्याला सरबत देतात, जेवणानंतर सोलकढी पितात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळांबरोबर सोलं, म्हणजे आमसुलं, पडली नाहीत तर ते तिखलंच नव्हे.

या आंबटपणात लिंबाच्या आंबटपणाहून एक वेगळी गोष्ट आहे. लिंबात सिट्रिक आम्ल असतं. रातांब्याच्या आणि केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळी या त्याच्या भावंडाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. ते कुडमपुळीत ओळखून काढलं लुईस आणि नीलकांतन या म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, १९६५ मध्ये. त्याआधी ते साधं सिट्रिक किंवा टार्टारिक आम्ल असावं असाच समज होता.

आपण भात खाल्ला की त्याचं ग्लुकोज होतं. लागेल तेवढं वापरून उरलेलं ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंत साठतं. त्याहूनही उरलं तर पेशी त्याची चरबी बनवू शकते. त्यासाठी सिट्रेट नावाचं द्रव्य तंतुकणिकेतून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरातून, बाहेर येतं आणि एटीपी-सिट्रेट लायेज हे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. त्या तुकड्यांतून चरबी बांधली जाते. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाची ठेवण सिट्रिक आम्लाशी इतकी जुळते की हे विकर त्यालाच पकडून बसतं आणि खऱ्या सिट्रेटला जागा मिळत नाही. म्हणजे चरबी बांधायचं काम अडतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत हे प्रयोगाने सिद्ध झालं, आणि पुढे पिष्टमय खाणं दिलेल्या उंदरांवरही परिणाम दिसला. इथपर्यंत सगळं खरं आहे आणि सुंदर आहे. इथूनच वजन घटवणाऱ्या गोळ्यांचा धंदा सुरू झाला.

मग माणसांवर चाचणी झाली. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी जास्त वजनाची १३५ माणसं घेतली आणि सगळ्यांना कमी उष्मांकाचा, भरपूर चोथ्याचा सारखाच आहार दिला. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या, १२ आठवडे. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णांना माहीत होतं, ना देणाऱ्यांना. १९९८ मध्ये निकाल छापून आला. औषधवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि रिकाम्या गोळीवाल्यांचं ४.१ किलो. हा फरक योगायोगाने पडू शकतो एवढाच होता, म्हणजे गोळीचा उपयोग झाला नाही. जे वजन उतरलं ते आहारामुळे.

पेशीत चालणारी गोष्ट माणसात का चालली नाही, हा यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. पोफळीच्या बागेत पाणी दोन पाटांनी येत असेल आणि मोठा पाट एक, दुसरा नुसता ओला होण्यापुरता, तर त्या छोट्या पाटाला कितीही घट्ट बांध घाला, बाग कोरडी पडणार नाही. माणसाच्या शरीरातली चरबी मुख्यतः जेवणातल्या तेला-तुपा-खोबऱ्यातून थेट येते. भाताच्या ग्लुकोजची चरबी करण्याचा मार्ग नेहमीच्या मिश्र आहारात फारच थोडा वाहतो. कोकमातलं आम्ल बांध घालतं ते नेमका याच मार्गाला. उंदराला भरपूर पिष्टमय खाणं दिलं की त्याच्यात तो मार्ग जोरात वाहतो, म्हणून उंदरात फरक दिसतो. शिवाय गिळलेलं सगळं आम्ल रक्तात पोचत नाही, आणि उष्णतेने किंवा साठवणीत त्याचं लॅक्टोन या वेगळ्या रूपात रूपांतर होतं, जे त्या विकराला अडवत नाही.

नुसता उपयोग झाला नाही एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. कुडमपुळीचा अर्क असलेल्या वजन घटवण्याच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना यकृताचे गंभीर आजार झाल्याच्या नोंदी आहेत. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने अशा एका मालिकेतल्या गोळ्या वापरू नका असा इशारा दिला आणि त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. त्या गोळ्यांत इतरही घटक होते, त्यामुळे सगळा दोष एकट्या अर्काच्या माथी मारता येत नाही. पण त्यानंतर फक्त या अर्कावर असलेल्या लोकांनाही यकृतदाह झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. बहुसंख्यांना काही होत नाही. थोड्यांना होतं, आणि ते थोडे कोण हे आधी कळत नाही. डोळे पिवळे पडणं, लघवी गडद होणं, भूक मरणं, अंगाला खाज सुटणं यातलं काही दिसलं तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावं आणि गोळीची डबी सोबत न्यावी. पुष्कळ रुग्ण 'औषध काही घेत नाही' असंच सांगतात, कारण वनस्पतीची गोळी ते औषधात धरत नाहीत.

यावरून आमटीतल्या चार सोलांना घाबरायचं कारण नाही. गोळीत काढून घट्ट केलेला अर्क रोज, महिनोन् महिने पोटात जातो. जेवणातलं कोकम हे अन्न आहे आणि ते कोकणाने पिढ्यान् पिढ्या खाल्लं आहे. माझा आक्षेप आहे तो अन्नाच्या पुण्याईवर अर्क विकण्याला.

रातांब्यात आणखी एक द्रव्य आहे, आणि मला स्वतःला ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. त्याचं नाव गार्सिनॉल. ते पिवळं असतं, बेंझोफेनोन गटातलं, सालीत मिळतं, आणि वाळलेल्या सालीच्या वजनात त्याचं प्रमाण दोन-तीन टक्के भरतं. आपल्या प्रत्येक पेशीतला डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. कुठला जनुक वाचला जाणार हे त्या जागची गुंडाळी किती सैल आहे यावर बरंचसं ठरतं. गुंडाळी सैल करणारी काही विकरं असतात, आणि कर्करोगाच्या अनेक प्रकारांत त्यांचा कारभार बिघडलेला दिसतो. २००४ मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या तपस कुंडू यांच्या गटाने दाखवलं की गार्सिनॉल यातल्या दोन महत्त्वाच्या विकरांना रोखतं. तेव्हापासून जगभर कर्करोगाच्या वेगवेगळ्या पेशींवर त्याचे प्रयोग चालू आहेत. कोकम कर्करोग बरा करतं, हा संदेश इथून निघाला.

प्रयोगात पेशी काचेच्या बशीत असतात आणि गार्सिनॉल थेट त्यांच्या अंगावर सोडलं जातं. सरबतात मात्र ते उतरणं कठीण, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पोटात गेलं तरी आतड्यातून रक्तात किती जातं, यकृत त्यातलं किती मोडून टाकतं आणि गाठीपर्यंत किती पोचतं, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. ते सुटून, पुढे रुग्णांवरच्या चाचण्या पार पडल्या तरच औषध होतं. असा रस्ता पूर्ण झाल्याचं उदाहरण आपल्या अंगणातच आहे. सदाफुलीतलं व्हिनक्रिस्टीन १९६३ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं आणि आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिलं जातं. पण ते शुद्ध करून, मिलिग्रॅमच्या हिशेबाने, शिरेतून दिलं जातं. सदाफुलीची पानं चावून कुणाचा कर्करोग बरा होत नाही, उलट विषबाधा होऊ शकते. गार्सिनॉल त्या रस्त्यावर अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे.

कोकमाचा लालभडक रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. आंबटात ती लाल असतात, सोड्याच्या पाण्यात निळसर-हिरवट होतात. घरी चमचाभर सरबतात चिमूटभर सोडा टाकून मुलांना दाखवा, मौज वाटेल. परीक्षानळीत ती चांगली अँटीऑक्सिडंट ठरतात. पण परीक्षानळीतल्या त्या आकड्यावरून शरीरात काय होईल हे सांगता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची आपली मोठी यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण विक्रेते तिचा गैरवापर करत होते. 'अँटीऑक्सिडंटने भरपूर' हे शब्द वाचून एक रुपयाही जास्त देऊ नये असं माझं मत आहे.

किनाऱ्याला वाळूच्या कडेने उभ्या असलेल्या उंडीची गोष्ट वेगळी आहे. तिची पांढरी सुवासिक फुलं आणि गोटीसारखी फळं सगळ्यांनी पाहिलेली असतात. वीज नव्हती तेव्हा गावोगावच्या दिव्यांत उंडीचं तेल जळत असे, आणि ते आजही दुखऱ्या सांध्यांना चोळतात. लाकूड होड्यांच्या कामाचं. तिकडे ताहितीत हेच तेल तमानू या नावाने जखमांना आणि भाजल्याला लावतात. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन किनाऱ्यांनी एकाच तेलाचा तसाच बाहेरून लावायचा वापर शोधावा, याला मी महत्त्व देतो. पेशींवरच्या चाचण्यांत या तेलाने जखम भरून येण्याला मदत केल्याचं आणि काही जंतूंना रोखल्याचं दिसलं आहे. काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जीही येते, म्हणून आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस पाहावं. पोटात मात्र घेऊ नये. ते कडू तेल खाण्याचं नाही.

उंडीच्या बोर्निओतल्या एका बहिणीने १९९० च्या सुमारास एड्सच्या संशोधकांना धावायला लावलं. १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी जगभरच्या जंगलांतून वनस्पतींचे नमुने गोळा होत होते. मलेशियातल्या सारावाकच्या जंगलातून कॅलोफायलम लॅनिजेरम या झाडाची पानं आणि डहाळ्या आल्या. एचआयव्ही विषाणूवर त्या वर्षी हातात एकच मंजूर औषध होतं. या नमुन्याच्या अर्काने विषाणूची वाढ रोखली. शास्त्रज्ञांनी त्यातून एक कुमारिन वेगळं काढलं, त्याचं नाव कॅलॅनोलाइड-ए. एचआयव्ही आपली माहिती आरएनएवर लिहून आणतो आणि पेशीत शिरल्यावर उलट-प्रतिलेखन करणाऱ्या विकराच्या मदतीने तिचा डीएनए करतो. त्या विकरालाच हे द्रव्य निकामी करत होतं. औषधाला याहून नेमकं लक्ष्य मिळत नाही.

आणखी माल हवा म्हणून माणसं त्या जागी परत गेली, तर झाड तोडलेलं. आसपासची त्याच जातीची समजली जाणारी झाडं आणून पाहिली, तर त्यांत ते द्रव्य जेमतेम सापडलं. जगात एकच नमुना हाती लागला होता, आणि तो देणारं झाड गेलेलं. पुढे शोधाशोध होऊन जवळच्या प्रकारात ते सापडलं, दुसऱ्या एका कॅलोफायलमच्या चिकात त्याचं भावंडद्रव्य मिळालं, आणि चीक काढायला झाड पाडावं लागत नाही हा मोठाच लाभ झाला. रसायनशाळेत कृत्रिमरीत्याही ते बनवता आलं. सारावाक सरकार आणि एक अमेरिकी कंपनी यांनी १९९६ मध्ये भागीदारी करून माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या केल्या. तरीही ते औषध म्हणून अजून बाजारात आलेलं नाही. दरम्यान दुसरी चांगली औषधं आली, आणि पैसा तिकडे वळला.

आपल्या उंडीतही तसलीच कुमारिनं आहेत, आणि ती कळली ते गोगलगायीमुळे. एचआयव्हीचं तेच विकर रोखणारी द्रव्यं शोधताना एका गटाने आफ्रिकी राक्षसी गोगलगायीचा अर्क तपासला, आणि तो चालला. आत सापडली ती इनोफायलमं, जी आधीपासून उंडीत माहीत होती. गोगलगाय उंडी खात होती. मग मलेशियातली उंडी थेट तपासली गेली आणि १९९३ मध्ये इनोफायलम-बी आणि इनोफायलम-पी या दोघांचा परिणाम छापून आला. वेंगुर्ल्याच्या वाळूत उभी असते ती हीच जात.

सुरंगीबद्दल औषध म्हणून सांगण्यासारखं कमी आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवली-आसोलीकडे फाल्गुन-चैत्रात जुन्या फांद्यांना कळ्यांचे घोस लागतात, त्या उमलायच्या आत उतरवाव्या लागतात, आणि वळेसर बाजारात गेले की सगळा रस्ता दरवळतो. मुळाच्या सालीत सुरँजिन नावाची कुमारिनं आहेत, त्यातलं एक किड्यांच्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी साखळी तोडतं. कीटकनाशक म्हणून ते उपयोगी पडेलही, पण त्यासाठी मुळं खणायची म्हणजे झाड संपवायचं.

सुरंगीचा औषधाशी जास्त संबंध येतो तो बाजारातल्या गोंधळामुळे. आयुर्वेदात रक्ती मूळव्याधीवर देतात ते नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे पुंकेसर. ते महाग. त्याच्या जागी सुरंगीच्या सुक्या कळ्या तांबडं नागकेशर म्हणून विकल्या जातात, आणि काळं नागकेशर म्हणून दालचिनीच्या कुळातल्या भलत्याच झाडाच्या कळ्या मिळतात. चूर्ण केल्यावर डोळ्यांनी ओळखणं कुणाच्या हातात राहत नाही. ज्याला नागकेशर घ्यायचंय त्याने चूर्ण न घेता अख्खा माल घ्यावा. पिवळट-तपकिरी बारीक केसर दिसले पाहिजेत, गोल कळ्या नव्हेत.

घराण्यातली एक दूरची शाखा थंड देशांत गेली, युरोपातलं सेंट जॉन्स वर्ट. सौम्य नैराश्यावर ते खरोखर दिलं जातं. त्यातल्या हायपरफोरिनची रचना गार्सिनॉलच्या जवळची आहे. तेच हायपरफोरिन यकृताला इतर औषधं झपाट्याने मोडायला लावतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, मूत्रपिंड बदललेल्यांची औषधं आणि एचआयव्हीची औषधं निकामी होऊ शकतात. ज्या वनस्पतीला खरी ताकद असते ती शरीरात दुसऱ्या कामांतही ढवळाढवळ करते. म्हणून रोजची औषधं चालू असणाऱ्याने या घराण्यातला कुठलाही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

घरातल्या वापराबद्दल दोन गोष्टी. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असतं, रस टिकतो तो त्याच्यावरच. रक्तदाब असलेल्यांनी सोलकढीला आगळाऐवजी आमसुलं भिजवून त्यांचं पाणी वापरावं. अमृत कोकमात, म्हणजे सरबताच्या पाकात, साखर सालीच्या वजनाहून जास्त पडते, म्हणून मधुमेहींना ते 'औषधी' म्हणून आग्रहाने पाजणं चुकीचं आहे. बियांतून काढलेलं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, मात्र निर्धोक आणि गुणाचं. खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं, अंगाच्या उबेने मऊ होतं आणि टाचांच्या भेगांत बसतं. त्यातली चरबी कातडीतलं पाणी उडू देत नाही, एवढंच त्याचं रहस्य. थंडीत याहून चांगलं मलम मी पाहिलेलं नाही.

आता झाडांबद्दल. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी पेरून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मादी झाडांची कलमं करायची पद्धत बसवली आणि कोकण अमृता, कोकण हातीस या जाती दिल्या, त्यामुळे शेतकऱ्याचा खोळंबा संपला. पण त्याबरोबर एक नवी सवय लागली आहे. फळ न देणारा नर म्हणजे निरुपयोगी, म्हणून बांधावरचे आणि रानातले जुने नर सरपणात जातात. कलमं एकाच आईची सारखी लेकरं असतात, आम्लाचं आणि गार्सिनॉलचं प्रमाणही त्यांच्यात सारखंच राहणार. वेगळेपणा असतो तो रानात बियांपासून उगवलेल्या झाडांत. कुठल्या झाडाच्या सालीत किंवा पानात काय किती आहे, हे कोकणात झाडागणिक तपासायचं काम अजून खूप बाकी आहे, आणि पानं तर नरालाही असतात. सारावाकला ते एक झाड दोन-चार वर्षं उभं राहिलं असतं तर किती धावपळ वाचली असती. कलमांची बाग करताना परागासाठी एखादा नर ठेवावाच लागतो. तो जुना, रानातला, आपणहून उगवलेला ठेवता आला तर तोच ठेवावा.